आकाराच्या मानानं जड: भंगारात किरणोत्सारी सोर्स आला तर काय करायचं

पाच लिटरच्या कुकरएवढा लोखंडी डबा, पण हलवायला दोन माणसं लागतात. बाहेरून ओतीव लोखंड किंवा जाड पत्रा, एका अंगाला फ्लँज, बाजूला एक दांडा, दांड्यापाशी कुलूप अडकवायचं भोक आणि 'ऑन-ऑफ' कोरलेलं. पिवळा रंग असलाच तर अर्धा उडालेला. भंगाराच्या यार्डात असा डबा आला की पहिला विचार शिशाचा येतो. आत शिसं आहे, लोखंडाच्या कितीतरी पट भाव मिळेल, फोडा. अंदाज बरोबर असतो, आत शिसंच असतं. ते तिथे का ओतलंय, हे मात्र कोणी विचारत नाही.

त्या शिशाच्या मधोमध शेंगदाण्याएवढी स्टीलची कॅप्सूल असते. तिच्यात सीझियम-137 किंवा कोबाल्ट-60, म्हणजे किरण सोडणारा पदार्थ. ही कॅप्सूल म्हणजेच सोर्स. या यंत्राला न्यूक्लिऑनिक गेज म्हणतात. एका बाजूला सोर्स, समोर डिटेक्टर. मधल्या मालानं किरण किती अडवले त्यावरून सायलो (मालाची उंच कोठी) किती भरला, पाइपातली स्लरी किती दाट आहे, हे कळतं. सिमेंटचे कारखाने, कोळशाचे हॉपर, औष्णिक केंद्रातले राखेचे सायलो, ड्रेजर, स्टील प्लांटमधल्या कंटिन्युअस कास्टिंगचे मोल्ड, अशा सगळ्या ठिकाणी ही गेज असतात. कागद आणि प्लास्टिक फिल्मच्या मशीनवर क्रिप्टॉन-85 किंवा स्ट्रॉन्शियम-90 चे वेगळे गेज मिळतात. दुसरं मोठं कुटुंब वेल्डिंगचे जॉइंट तपासणाऱ्या रेडिओग्राफी कॅमेऱ्यांचं. त्यात बहुधा इरिडियम-192 असतो. या कॅमेऱ्याचं कवच बहुतेक वेळा डिप्लिटेड युरेनियमचं असतं आणि ते स्वतःही किंचित किरणोत्सारी असतं, म्हणून सोर्स काढून घेतलेला रिकामा कॅमेराही भंगारात विकायचा नसतो.

जालन्याच्या इंडक्शन भट्ट्या, कोल्हापूरच्या फाउंड्र्या, त्यांना माल पुरवणारे यार्डवाले आणि कारखान्यातली मेंटेनन्सची माणसं, यांच्या कामाच्या गोष्टी पुढे आहेत.

आधी डोळे, मग मीटर

सोर्स शिशाच्या डब्यात शाबूत असेल आणि शटर (दांड्यानं फिरणारी, किरणांची वाट झाकणारी चकती) बंद असेल, तर बाहेर किरण फार थोडे येतात. ट्रकच्या मधोमध, फूटभर लोखंडाखाली असा डबा असला तर गेटवरचा मीटर गप्प राहू शकतो. म्हणून मीटर असला तरी माल उतरवताना बघणाऱ्या माणसाची गरज संपत नाही. मॅग्नेटचा क्रेनवाला आणि गॅस कटरवाला, या दोघांना आधी शिकवा. मालकाला शिकवून उपयोग थोडा, कारण मालक ढिगावर उभा नसतो.

त्यांनी चार गोष्टी लक्षात ठेवायच्या. आकाराच्या मानानं जड वस्तू. तीन पाकळ्यांचं चिन्ह, पिवळ्यावर काळं किंवा जांभळट. नेमप्लेटवर सीझियम, कोबाल्ट, इरिडियम, अमेरिशियम असं काही, किंवा क्युरी, बेक्वेरेल ही सोर्सची ताकद सांगणारी एककं. इंग्रजीत ती 'सीआय' आणि 'बीक्यू' अशी दोन-दोन अक्षरांत छापलेली असतात, त्यांचे फोटो काढून भिंतीवर लावा. आणि चौथी, लाल त्रिकोण: वरून येणारे किरण, कवटी आणि पळणारा माणूस. हे चिन्ह 2007 साली आलं आणि मुद्दाम आतल्या बाजूला लावतात, म्हणजे कोणी यंत्र उघडायला घेतलं तरच दिसावं. ते दिसलं याचा अर्थ तुम्ही एक कवच आधीच काढलंय. कटर तिथेच बंद करायचा.

चिन्ह नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. धूळ, गंज आणि रंगाचे चार हात यांच्याखाली प्लेट जाते. वजन मात्र रंगानं झाकत नाही.

मीटर कसा वापरायचा

हातात धरायचा साधा गॅमा सर्व्हे मीटर पुरतो. तो मायक्रोसिव्हर्ट प्रतितास दाखवतो, म्हणजे त्या जागी माणसाला तासाला किती मारा बसेल ते. जुना मीटर मिलिरॉन्टजेन दाखवत असेल तर 1 मिलिरॉन्टजेन म्हणजे अंदाजे 10 मायक्रोसिव्हर्ट. ही गल्लत फार होते. माणूस 5 वाचतो, फोनवर 5 सांगतो, एकक सांगत नाही, आणि पलीकडचा दहापट चुकीचा अंदाज बांधतो.

रोज सकाळी, पहिला ट्रक यायच्या आधी, गेटवरच मोकळ्या जागेत दहा सेकंदांच्या अंतरानं दहा रीडिंग घ्या आणि सरासरी वहीत लिहा. ही तुमची पार्श्वभूमी. बहुतेक ठिकाणी ती 0.1 मायक्रोसिव्हर्टच्या आसपास निघते. ग्रॅनाइटच्या फरशीवर किंवा फायरब्रिकच्या थप्पीशेजारी थोडी जास्त. मग ट्रक उभा करून इंजिन बंद, ड्रायव्हर खाली, आणि बॉडीपासून वीतभर अंतर ठेवून मीटर हळूहळू फिरवा. सेकंदाला अर्धा मीटर, याहून जोरात नको. दोन्ही बाजू, मागचा फाळका, जमल्यास खालून. पार्श्वभूमीच्या दुप्पट आकडा आला आणि मीटर तिथेच धरल्यावर टिकून राहिला, तर ट्रक बाजूला घ्यायचा.

मीटरचा एक दगा माहीत असलेला बरा. मीटरमधली किरण टिपणारी साधी गायगर नळी फार तीव्र क्षेत्रात गेली की गुदमरते आणि काटा वर जायच्या ऐवजी शून्याकडे येतो. जवळ जाताना आकडा भराभर वाढत होता आणि अचानक पडला, तर सोर्स गेला असं समजू नका. मागे सरका. दूर जाताना आकडा पुन्हा चढला, तर मीटर गुदमरला होता आणि सोर्स तिथेच आहे. बॅटरी आणि कॅलिब्रेशनची तारीख रोज पाहायची, हे सांगायला नकोच. तरी सांगतो, कारण मीटर कपाटात आणि बॅटरी दुसऱ्या रिमोटमध्ये, अशी जागा शोधायला फार लांब जावं लागत नाही.

प्रत्येक वेळी कारण सोर्सच निघतं असं नाही. फाउंड्रीतली झिरकॉन वाळू, भट्टीतून काढलेल्या विटा, तेलविहिरीतून आलेल्या पाइपांच्या आतली पापुद्र्यासारखी खपली, पोटॅशचं खत, टिग वेल्डिंगचे थोरियमवाले इलेक्ट्रोड, हे सगळं मीटरला थोडं डिवचतं. असा माल पूर्ण ट्रकभर सारखाच आकडा देतो. सोर्स एका जागी टोक दाखवतो आणि हातभर बाजूला गेलं की आकडा झपाट्यानं उतरतो. आणि कधीकधी ट्रकमध्ये काहीच नसतं, ड्रायव्हर आठवड्यापूर्वी थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडीनचा डोस घेऊन आलेला असतो. म्हणून त्याला खाली उतरवून बाजूला पाठवायचं आणि मग ट्रक मोजायचा.

मीटर वाजला: ट्रक परत पाठवू नका

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. 'आमच्याकडे नको, घेऊन जा' म्हणून ट्रक वळवतात. ड्रायव्हर पुढच्या यार्डात जातो, तिथे मीटर नसतो, माल उतरतो, ढीग होतो, आणि सोर्स दुसऱ्यांदा हरवतो. आता तर तो कुठून आला हेही कळत नाही. ट्रक तुमच्याच आवारात, वस्तीपासून आणि कँटीनपासून दूर, उभा करा. किल्ली तुमच्याकडे, गेट पास आणि वजनकाट्याची पावती जपून.

मग माणसं बाजूला. वस्तू उघडी पडली असेल किंवा फुटली असेल, तर सुरुवातीला चहूबाजूंनी 30 मीटर मोकळे करा. बारीक तुकडे किंवा भुकटी सांडली असेल तर 100, आणि आग लागली असेल तर 300. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनं पहिल्या प्रतिसादासाठी हीच अंतरं दिली आहेत. शेडच्या आत असेल तर ती खोली, शेजारच्या खोल्या, वरचा आणि खालचा मजला. मीटर हातात असेल तर 100 मायक्रोसिव्हर्ट प्रतितास ही आतली हद्द धरा. दोरी त्याच्या बाहेर. अंतर दुप्पट केलं की मारा चौथाई होतो, त्यामुळे पळत सुटायची गरज नसते, पण रेंगाळूही नये.

फोन तीन ठिकाणी: 112, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्ष आणि अणुऊर्जा नियामक मंडळ, म्हणजे एईआरबी. मंडळाचं कार्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला आहे, आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी पुण्याजवळ सुदुंबऱ्याला असते. त्यांचे क्रमांक त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरून आजच उतरवून गेटच्या केबिनमध्ये चिकटवा. रात्री दोनला शोधत बसायला नको. फोनवर सांगायचं ते असं: जागा, आकडा, एकक आणि किती अंतरावरून घेतला, वस्तू दिसते का, प्लेटवर काय लिहिलंय (फोटो लांबून झूम करून), डबा शाबूत की फुटलेला, कोणी हात लावला, किती वेळ. एवढं मिळालं की पलीकडच्या माणसाला काय साधनं घेऊन निघायचं ते ठरवता येतं.

वस्तू स्वतः झाकायचा, पुरायचा, शिशाच्या पत्र्यात गुंडाळायचा प्रयत्न नको. त्यासाठी जवळ जावं लागतं, आणि नुकसान तेवढ्याच वेळात होतं.

फोडलं तर काय होतं

फेब्रुवारी 2010 मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातलं एक गॅमा सेल (कोबाल्ट-60 चा सोर्स असलेलं प्रयोगशाळेतलं यंत्र) लिलावात भंगार म्हणून गेलं. 1985 पासून ते वापरात नव्हतं. मायापुरीच्या बाजारात ते फोडलं गेलं, आतला कोबाल्ट-60 तुकड्या-तुकड्यांनी वेगवेगळ्या हातांत पोचला. एक माणूस दगावला, इतर अनेकांना रुग्णालयात ठेवावं लागलं. एका दुकानदाराच्या पाकिटातच एक तुकडा होता. लिलाव करणाऱ्यांच्या लेखी ती जुनी वस्तू होती. कोबाल्टचं अर्धायुष्य, म्हणजे ताकद निम्मी व्हायला लागणारा काळ, 5.27 वर्षं; म्हणजे पंचवीस वर्षांत मारा सत्तावीसाव्या हिश्श्यापर्यंत उतरतो, पण मुळातला सोर्स मोठा असेल तर तो हिस्साही जीव घेतो. सीझियमचं अर्धायुष्य 30 वर्षं: नव्वदीच्या दशकात बसवलेलं गेज आजही जवळजवळ निम्म्या ताकदीचं आहे.

सीझियमचं आणखी एक आहे. जुन्या वैद्यकीय यंत्रांत तो मिठासारख्या भुकटीच्या रूपात असायचा. ब्राझीलच्या गोयानियात सप्टेंबर 1987 मध्ये अशी कॅप्सूल फोडली गेली, भुकटी अंधारात निळसर चमकते म्हणून नातेवाइकांत वाटली गेली; चार जण मेले आणि एक लाखाहून जास्त लोकांची तपासणी करावी लागली. शाबूत सोर्स फक्त जवळच्याला मारा देतो. फुटलेला कपड्याला, बोटांना, बिडीला चिकटून घरी जातो.

भट्टीत गेलंच तर

कोणता पदार्थ वितळल्यावर कुठे जातो हे ठरलेलं आहे. कोबाल्ट आणि इरिडियम पोलादात मिसळतात. सीझियम वाफ होऊन उडतो आणि बॅगहाऊसच्या, म्हणजे भट्टीचा धूर गाळणाऱ्या पिशव्यांच्या, धुळीत बसतो. अमेरिशियम आणि रेडियम स्लॅगमध्ये, म्हणजे वितळलेल्या धातूवरच्या मळीत. म्हणून प्रत्येक हीटला (भट्टीच्या खेपेला) तीन गोष्टी मीटरखाली धरायची सवय ठेवा: स्पेक्ट्रोमीटरला (धातूतले घटक तपासणाऱ्या यंत्राला) पाठवायचा नमुना, स्लॅगचा तुकडा, दिवसातून एकदा बॅगहाऊसची धूळ. मोजायला मिनिटभर लागतं. स्पेक्ट्रोमीटरच्या रिपोर्टवर विसंबून चालत नाही, कारण तो मूलद्रव्याचं प्रमाण बघतो, आणि शुद्ध कोबाल्ट-60 एक क्युरी भरतो तो 1 मिलिग्रॅमपेक्षाही कमी वजनात. टनभर पोलादात तो रिपोर्टवर दिसणारच नाही.

आकडा चढला की नवीन चार्ज थांबवा, बॅगहाऊसमध्ये कोणाला जाऊ देऊ नका, पिशव्या झटकू नका, आणि त्या पाळीचा एकही इंगट, स्लॅगची एकही ट्रॉली गेटबाहेर सोडू नका. स्लॅग रस्त्याच्या भरावाला जाते, धूळ जस्त काढणाऱ्याकडे जाते. तिथून परत आणणं कर्मकठीण. 1998 साली स्पेनमध्ये लोस बारिओसच्या स्टील कारखान्यात सीझियम वितळला, तेव्हा तो असाच धुळीतून बाहेर पडला होता. आणि मेक्सिकोत हुआरेसच्या भंगारात गेलेला कोबाल्ट मिसळलेली पोलादी सळई जानेवारी 1984 मध्ये सापडली, तीही योगायोगानं: ती वाहून नेणारा ट्रक चुकून अमेरिकेतल्या लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेच्या डिटेक्टरजवळून गेला. आपल्या पोलादाचीही अशी परत ओळख पटलेली आहे. 2008 मध्ये फ्रान्सला लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-60 निघाला, ते पोलाद भारतातून गेलं होतं.

गेज ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासाठी

यार्डात येणारा डबा कुठल्यातरी प्लांटातून निघालेला असतो. बहुतेक वेळा चोरीही झालेली नसते. प्रोजेक्ट इंजिनीअर बदलला, रेडिएशन सेफ्टी ऑफिसर नोकरी सोडून गेला, शटडाऊनला जुना सायलो पाडायचा ठेका दिला, आणि ठेकेदाराच्या यादीत 'एमएस स्ट्रक्चर, अंदाजे 40 टन' एवढंच होतं.

म्हणून वही. प्रत्येक सोर्सला एक ओळ: पदार्थ, किती क्युरी किंवा बेक्वेरेल आणि कोणत्या तारखेला मोजलेले, कॅप्सूलचा नंबर, हाऊसिंगचा नंबर, बसवलेली जागा, कुलपाची किल्ली कोणाकडे. दर महिन्याला जागेवर जाऊन, हाऊसिंग डोळ्यांनी बघून टिक. कंट्रोल रूममधल्या स्क्रीनवर लेव्हल दिसते म्हणून गेज जागेवर आहे, हे गृहीत धरू नका. स्क्रीनवर जुना आकडा गोठलेला असू शकतो.

शटडाऊनच्या आधी शटर बंद, कुलूप, टॅग. आणि मग मीटरनं खात्री, ही पायरी कधीही गाळू नका. सिमेंट आणि कोळशाची भुकटी शटरच्या फटीत बसते, गंज चढतो, दांड्याची पिन तुटते. दांडा 'ऑफ'वर येतो आणि आतली चकती जिथल्या तिथे राहते. बाहेरून सगळं बरोबर दिसतं. सायलोत उतरणारा माणूस थेट झोतात उभा राहतो. शटर उघडं असताना डिटेक्टरच्या बाजूला रीडिंग घ्या, बंद करून पुन्हा घ्या. आकडा पडला नाही तर आत कोणीही जायचं नाही.

हादऱ्यांचंही लक्षात ठेवा. जानेवारी 2023 मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या खाणीतलं एक गेज दुरुस्तीला ट्रकनं पर्थकडे चाललं होतं. रस्त्याच्या हादऱ्यानं बोल्ट निसटला आणि 8 मिलिमीटर लांबीची कॅप्सूल 1400 किलोमीटरच्या वाटेवर कुठेतरी पडली. डिटेक्टर लावलेल्या गाडीनं ती 1 फेब्रुवारीला शोधली, रस्त्यापासून दोन मीटरवर. गेज काढायचं आणि हलवायचं काम अधिकृत माणसांचंच. निघताना आणि पोचल्यावर, दोन्ही वेळा डब्याचा आकडा मोजून कागदावर लिहा. दोन आकड्यांत फरक पडला तर त्याच दिवशी कळतं, पंधरवड्यानं नाही.

नको असलेलं गेज स्टोअरच्या कोपऱ्यात ठेवणं हा मार्ग नाही, ते हरवण्याची पहिली पायरी आहे. एईआरबीच्या ई-लोरा या ऑनलाइन प्रणालीवर अर्ज करून, मूळ पुरवठादाराकडे किंवा मान्य केलेल्या ठिकाणी ते परत जातं. कंपनी विकली जात असेल, बँकेनं ताबा घेतला असेल, तर लिलावाच्या यादीआधी ही वही बघायला मागा. एमआयडीसीतल्या बंद शेडचा माल घेणाऱ्यानंही.

रात्रपाळीची रेडिओग्राफी

इथे माल भंगारात जात नाही, सोर्स जमिनीवर पडतो. पेनाच्या टोपणाएवढी चकचकीत कॅप्सूल, मागे वीतभर लवचीक तार. क्रँक फिरवून ती गाइड ट्यूबमधून जॉइंटपर्यंत ढकलतात आणि परत ओढतात. ड्राइव्ह केबलची कडी नीट अडकली नसेल तर केबल एकटीच परत येते, सोर्स नळीतच राहतो. ऑपरेटर क्रँकचे आटे मोजून समाधानी असतो, मीटर घेऊन कॅमेऱ्यापासून नळीच्या टोकापर्यंत चालत जात नाही, नळी खोलतो, आणि कॅप्सूल खाली घरंगळते. पेरूमध्ये यानांगोला 1999 च्या फेब्रुवारीत असाच पडलेला इरिडियम एका वेल्डरनं उचलून मागच्या खिशात ठेवला. त्याचा पाय कापावा लागला.

30 क्युरीचा इरिडियम एक मीटरवर तासाला सुमारे 140 मिलिसिव्हर्ट देतो. सामान्य माणसाची वर्षाची मर्यादा 1 मिलिसिव्हर्ट; ती अर्ध्या मिनिटाच्या आत संपते. खिशात तर अंतर सेंटिमीटरचं. वर्षभरानं तोच सोर्स साधारण 1 क्युरीवर येतो, तरीही खिशात ठेवण्याजोगा होत नाही. त्यामुळे प्रत्येक एक्स्पोजरनंतर मीटर. आणि मीटर बंद पडला असेल तर त्या रात्री काम बंद, क्लायंटनं कितीही घाई केली तरी. सोर्स अडकलाच तर दोरी आणखी मागे न्या, पहारा ठेवा आणि सेफ्टी ऑफिसरला बोलवा. तो सकाळी आला तरी चालेल. लांब चिमटा आणि शिशाचं भांडं घेऊन येणारी प्रशिक्षित माणसंच तो उचलतात.

ज्यानं हात लावला त्याचं काय

शाबूत सोर्सजवळ गेलेला माणूस स्वतः किरणोत्सारी होत नाही. त्याला धरायला, जखम बांधायला घाबरू नका. रक्त वाहत असेल तर आधी ते थांबवा. डबा फुटला असेल तर त्या जागी खाणं, बिडी, तंबाखू मळणं बंद. वरचे कपडे उतरवून प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी दूर, हात-तोंड साध्या साबणानं धुवायचं. आयोडीनच्या गोळ्यांचा इथे काही उपयोग नाही.

भाजल्यासारखी लाली किंवा फोड लगेच येत नाहीत. लाली काही दिवसांनी, फोड दोन-तीन आठवड्यांनी. तोवर माणूस घटना विसरलेला असतो आणि डॉक्टर 'काही गरम लागलं का?' विचारून मलम देतात. काही तासांत उलट्या सुरू झाल्या तर मात्र डोस मोठा आहे, वाट बघू नका. डॉक्टरांकडे जाताना एका कागदावर लिहून न्या: कोणती वस्तू, कुठल्या हातात किंवा खिशात, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, पहिली उलटी कधी. आणि रक्तातल्या लिम्फोसाइट पेशींची मोजणी पहिल्या दोन दिवसांत दर सहा ते बारा तासांनी करायला सांगा. एकाच वेळच्या रिपोर्टवरून काही कळत नाही, आकडा किती वेगानं घसरतो त्यावरून डोसचा अंदाज बांधतात.